गव्हाच्या कोठीवर

डॉक्टर भंगाळेंची लॅब बंद झाली तेव्हा
दोन महिन्यांच्या पगाराऐवजी
मी हा मागून घेतला.
काळा, पितळी स्क्रूंचा, एका डोळ्याचा.
मांडीवर घेऊन रिक्षात बसले,
रिक्षावाला म्हणाला, शिलाई मशीन का, मावशी?
मी हो म्हणाले.

भुसावळात आमचं घर म्हणजे एक खोली,
तिच्यातूनच कापून काढलेलं स्वयंपाकघर,
आणि भिंतीपलीकडे रूळ.

ओट्यावर ठेवला, तर फोडणीची वाफ भिंगावर.
खिडकीत उजेड चांगला, पण खिडकीतच कूलर,
आणि कूलर लावला की काचेखालचं सगळं
थंडी वाजून आल्यासारखं कापतं.
बाहेर सेहेचाळीस.
एक तर गार व्हा, नाहीतर बघा.
टेबल एकच, फोल्डिंगचं,
त्याचा चौथा पाय पहिल्यापासून वेगळ्या मताचा.

शेवटी कोठी सापडली.
म्हणजे होतीच ती कोपऱ्यात, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून,
पत्र्याची, चार पोती गव्हाची, खाली सरकती झडप.
चैत्रात नुकतीच गळ्यापर्यंत भरलेली.
तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब,
ट्यूबवर शहाबादी फरशीचा तुकडा,
फरशीवर हा.
गाडी गेली. मांडणीतली भांडी बोलली.
काचेखालचं पाणी गप्प.

मग दुपारी, आवरून झाल्यावर, कूलर बंद करून
त्याच्याच टाकीतलं पाणी मी ड्रॉपरने घेते.
बावीस वर्षं लोकांचं रक्त पाहिलं, थुंकी पाहिली.
भिंगाला डोळा लावला की आधी पोटात यायचं,
आता काय निघतंय.
बाहेर बाकावर कुणीतरी बसलेलं असायचं,
नाव पुकारायची वाट बघत.

इथे बाक नाही.
एक हिरवा गोळा स्वतःभोवती फिरत निघाला आहे.
दुसरा कुणी तोंडापाशी दोन चाकं फिरवत जेवतो आहे.
त्याला काहीही झालेलं नाही.
मला खाली सही करायची नाही.

केळीच्या सोपाचा पापुद्रा ब्लेडने काढला,
आत सुया! काचेच्या, जुडीने बांधून ठेवलेल्या.
इतकी लग्नं जेवलो केळीच्या पानावर.

फालककाकू दारातूनच म्हणाल्या,
काय पाह्यते वं माय त्या नळीत?
मी त्यांना वांग्याची साल दाखवली, भरिताच्या वांग्याची.
बराच वेळ डोळा काढला नाही त्यांनी.
मग म्हणाल्या, आता भाजू कसं मी हे?
संध्याकाळी भाजलंच. वाटीभर पाठवलं.

गणपती गेले आणि कोठी हलकी व्हायला लागली.
पोळ्या होत होत्या
आणि फोकस सुटत होता.
मी कळण्याच्या भाकरी वाढवल्या.
आठवडाभर हे काही बोलले नाहीत,
मग विचारलं, गव्हाचा उपास धरलाय का?
खरं ते सांगितलं.
छत्तीस वर्षं ट्रॅकवर काढलेला माणूस.
कोठीवर बोटाने टकटक केली, कान लावला,
म्हणाले, गिट्टी कमी झाली की असंच होतं.

आता माघ.
झडपेतून हात घातला तर तळाचा पत्रा लागतो.
मोरीतल्या शेवाळाचा थेंब काचेखाली आहे
आणि हे खाटेवर, डोळे मिटून,
एक पाय खाली सोडून, तळवा फरशीला टेकवलेला.

थांब, म्हणतात. मालगाडी आहे. रिकामी.

मला अजून काहीच ऐकू आलेलं नसतं.
मी डोळा काढून घेते.
ती येते, जाते, जातच राहते,
देवाऱ्यातली घंटा जराशी वाजते.

तळवा तसाच.
मग अंगठा हलतो.

बघ आता.
अकरा मिनिटं आहेत तुला.