दुभाषी

भांडण सुरू झालं चार्जरवरून.
शू नावाचं स्टेशन येईपर्यंत
ते सत्त्याऐंशी सालापाशी पोचलं
आणि तिथेच कुठेतरी उतरून गेलं.
आम्ही दोघं डब्यात राहिलो, न बोलता.

तिकिटं पद्माकरने स्वतः काढलेली,
रात्री जागून, एजंटला दमडी न देता,
म्हणून दोघांनाही वरचा बाक.
मी माझ्या गुडघ्यासकट वर, समोर तो,
मधे दोन हात हवा
आणि खाली अख्खं कझाकस्तान:
चोपन्न माणसं, दार नसलेला डबा,
कुणाचे मोजे वाळताहेत, कुणी खरबूज कापतंय,
कोपऱ्यात गरम पाण्याचा बंब कुरकुरतोय.

खिडकीत गवत.
डुलकी काढून उठले, तरी गवत.
मग घुमट, भिंती, बुटकी कमान. चला, गाव आलं,
म्हणेपर्यंत ते कबरस्तान निघालं.
हे त्याला सांगायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

खालच्या बाकावरची उल्मेकेन सगळं बघत होती.
सत्तरीची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल,
दोन दात सोन्याचे.
तिने दोन बोटं जोडून विचारलं: नवराबायको?
मी मान हलवली.
तोंडावर हात ठेवून विचारलं: मग हे काय?
आता ह्याचं उत्तर खुणेने कसं देणार.
तिने नातवाशी, दारखानशी, खल केला
आणि निकाल लावला:
बिचाऱ्यांना एकमेकांची भाषा येत नाही.

बाह्या सरसावून लागली कामाला.
आधी मला हाताला धरून खाली घेतलं,
स्वतःच्या जागेवर बसवलं.
मग वर बोट दाखवून म्हणाली, "शाल."
मी अंगावरची शाल काढून दिली.
ती क्षणभर गोंधळली,
मग टाचा उंचावून ती
पद्माकरच्या पायांवर नीट पसरली.
शाल म्हणजे त्यांच्यात म्हातारा,
हे दारखानने मोडक्या इंग्रजीत सांगितलं तोवर
म्हाताऱ्याला ऊब लागून तो घोरत होता.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, सरळ मराठीतच,
"ह्याला विचारा, रक्तदाबाची गोळी घेतली का."
ती वळली आणि त्याच्याशी कझाकमध्ये बोलत राहिली,
छातीवर हात ठेवून,
माझ्या प्रश्नापेक्षा कितीतरी जास्त.
तो तिला म्हणाला, "सांगा तिला, घेतली."
ती माझ्याकडे वळली. पुन्हा तेवढंच लांब.
ह्यात तिच्या पदरचं किती, कोण जाणे.
एकदा आराल म्हणाली, एकदा बालीक,
आणि हात खिडकीबाहेर नेत नेत
पाणी कुठवर मागे गेलं ते दाखवलं.
कुणाचं तरी नाव घेतलं. थांबली.
तेवढ्यात पद्माकर वरून म्हणाला,
"तिला सांगा, चार्जर माझ्याच पिशवीत होता."
हे तिने मला सांगितलं
डोळे पुसत.

रात्री तीनला आराल.
फलाटावर बायका, हातात धुरावलेले मासे,
थंडी अशी की प्रत्येकीचं बोलणं वाफेसारखं दिसत होतं.
दारखानने बोचकी उतरवली.
उल्मेकेनने कुणाशी तरी घासाघीस केली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मासा दारातून आत सरकवला
आणि आम्हा दोघांकडे बघून
एकच लांबलचक वाक्य बोलली.
गाडी हलली तेव्हा ते संपलं नव्हतं.

खालचे दोन्ही बाक शल्कारपर्यंत रिकामे.
आम्ही समोरासमोर बसलो. मधे मासा.
"ती म्हणाली," मी म्हटलं,
"भांडून दिवस घालवू नका, माणूस राहत नाही."
"छे," तो म्हणाला,
"मासा आजच संपवा म्हणाली. राहत नाही."
त्यावरून पुन्हा जुंपली.
उजाडेपर्यंत आम्ही
काटे काढत बसलो होतो.