तिथंच ठेवायची

सोसायटीच्या जुन्या गोदामाचा पत्रा उतरवताना
दत्तू मिस्तरी ओरडला, साप! फुसफुसतोय!
शिडी धरणारे पळाले, शिडी पडली,
दत्तू वरच राहिला.

साप नव्हता.
चार पिल्लं होती, वेचणीत राहून गेलेल्या कापसासारखी मळकी पांढरी,
चेहरे बदामाचे, म्हणजे पत्त्यांतल्या बदामाचे,
आणि त्या चेहऱ्यांत डोळे मिचकावणारा
अख्ख्या मांजरगावचा अपशकुन.

कुणी म्हणालं, गोदेत सोडा.
कुणी म्हणालं, नाशिकला फोन लावा, गाडी येऊन घेऊन जाते.
सरपंचांचा पुतण्या म्हणाला, अमावस्येला याचे लाख देणारे आहेत,
आणि सगळे बघायला लागल्यावर म्हणाला, गंमत केली.

लहानू गांगुर्डे सायकलवरून उतरला.
वनखात्यात बावीस वर्षं रोजंदारीवर,
नोकरी कायम नाही, गळ्यातली शिट्टी कायम.
"कुठं होती?" त्यानं विचारलं.
आणि वर बघून म्हणाला, "मग तिथंच ठेवायची."

हे वाक्य आमच्या ओळखीचं होतं.
तीन वर्षांमागं कचरू सानपांच्या उसात
कोयत्यापासून वीतभरावर दोन बछडे निघाले, डोळे न उघडलेले.
आधी काठ्या निघाल्या, मग मोबाइल.
लहानूनं द्राक्षांचं क्रेट मागितलं,
बछडे होते त्याच सरीत ठेवलं,
म्हणाला, आजची तोड बंद.
मुकादम म्हणाला, आणि मजुरी?
त्या दिवसातला मला तोच प्रश्न सगळ्यात खरा वाटतो.
कचरूभाऊंनी अकरा कोयत्यांचे पैसे खिशातून मोजले,
तोंड वाकडं करून, पण मोजले.
पहाटे तीनला ती आली, एकाला नेलं,
पाऊण तासानं दुसऱ्याला.
सकाळी कलंडलेलं क्रेट, आत नुसतं पाचट.

त्यानंतर वाघराची भीती गेली, असं काही नाही.
पोरं अजून अंधाराच्या आत घरी येतात.
फक्त काठीकडे जाणारा हात
मध्ये जरासा थांबतो.
तेवढं थांबणं घुबडाच्या वाट्याला येईल का?
वाघराला निदान दरारा असतो.
पलीकडे नांदूरमध्यमेश्वरला रोहित बघायला दुर्बिणी येतात,
तिथं पाटी आहे, मनोरा आहे.
हे आमच्याच पोत्यांमागचे उंदीर खातं
आणि आमच्याच पोटातली भीती अंगावर घेऊन उडतं.

मी बेदाण्याच्या शेडवरून क्रेट आणलं.
तेच होतं का, कोण जाणे, सगळी निळीच.
तळाशी गोणपाट घालून
उरलेल्या दोन पत्र्यांखाली तुळईला तारेनं बांधलं.
आता काम पाडव्यापर्यंत थांबणार.
चेअरमन घड्याळ बघायला लागले,
दत्तू चेअरमनकडे.
मी म्हणाले, कचरूभाऊंनी दिली होती.
एवढंच.
बऱ्याच वेळानं आठशे रुपये निघाले.

रात्री पाच जण लांब बांधावर. बॅटऱ्या बंद,
लहानूची बिडीसुद्धा बंद.
वाघरू तीनला आलं होतं म्हणून
आम्ही वेड्यासारखे तीनची वाट बघत होतो,
जणू सगळ्या आयांचं घड्याळ एकच.
तीन वाजून गेले. साडेतीन.
लहानू म्हणाला, आपण अजून पन्नास पावलं मागं जाऊ.
गेलो.
सव्वाचारला ती आली, आवाज नाही,
दोरीवरून सुटलेला पांढरा रुमाल यावा तशी,
पायात उंदीर.
आणि क्रेटमधून ती फुसफूस, जिला सकाळी माणसं पळाली होती.

उजाडल्यावर चारांतलं सगळ्यात धाकटं मेलेलं होतं.
लहानूनं ते निंबाखाली पुरलं,
वहीत चारावर काट मारून तीन लिहिलं.
बछड्यांच्याच वहीत. दुसरी वही खात्यानं दिलेली नाही.

दत्तू आता कुठल्याही पत्र्याला हात लावण्याआधी
हातोडीनं दोनदा ठोकतो
आणि कान देऊन थांबतो.
त्याचे वेगळे पैसे लावत नाही.
अजून तरी.