घर नंबर एकतीस

ऑगस्टात मी एदुविखेसच्या खाटेवर,
उशापासून हातभर उंच,
चार टाचण्यांनी एक कागद ठोकला.
कोरा. कोपऱ्यात फक्त घराचा आकडा.
"एवढं मोठं पत्र, आणि आत काहीच नाही?"
म्हटलं, लिहिणारे रात्री येतात.

आज नोव्हेंबर. मका वीतभर वर आलाय.
कागदावर सात ठिपके: पाच काळे, दोन पिवळट,
खाली ओघळून वाळलेले.
ही लिपी मला येते. चौदा वर्षं
या खोऱ्यातल्या मातीच्या भिंतींवर हेच वाचतोय.

विंचुका.
ढेकणाच्याच गोतातली, पण बोटाच्या पेराएवढी.
दिवा मालवला की उतरते, गालाशी बसते,
झोप मोडू देत नाही.
पिऊन टम्म झाली की मागे एक थेंब सोडते;
तो डोळ्यात नेतो आपलाच हात.
पुढचं ती करत नाही. ते आपण करतो, वीस-वीस वर्षं,
नांगर धरून, लग्नात नाचून,
आणि आत काळीज जुन्या पिशवीसारखं सैल होत जातं.

"फवार हवं तिथे," एदुविखेस म्हणाली,
"त्या फोटोला हात लावू नकोस."
फोटोत इलारिओन, टोपी छातीशी धरलेली.
तासात आडवा झाला तेव्हा सत्तेचाळीसचा.
गाव म्हणालं, डोंगरवारा लागला.

मी टोपी काढली. मग फोटो काढला.
चौकटीमागे अकरा.
चार मोठ्या, बाकी पंख न फुटलेली पिल्लं.
चिमट्याने एकेक पिशवीत: तारीख, एकतीस, झोपायची खोली.
बॅटरी तिच्या हातात होती. उजेड जरा हलला नाही.
"यांच्या पोटात रक्त कुणाचं?"
कोंबडीचं असेल, म्हणालो. नाहीतर कुईंचं.
ती स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली.

उद्या फवारणी. भांडी, पांघरुणं, कुईंची टोपली
मोल्येच्या झाडाखाली न्यायची. तडे लिंपायचे.
आणि दवाखान्यात रक्त द्यायचं, तूही.
"आधी तुझं सांग."
माझं आलंय, म्हणालो. सहा वर्षं झाली.
ती काही बोलली नाही.
घरातली एकुलती खुर्ची माझ्याकडे सरकवली.

नवा कागद ठोकला. चौथी टाचणी तिने दाबली,
अंगठा पांढरा होईपर्यंत.
नंतर ती खुर्ची अंगणात गेली,
तिच्यावर इलारिओन, उन्हाकडे तोंड करून,
टोपी छातीशी,
पाठ तपासून झालेली.