डीपी जळाली होती तेव्हा

आमच्या मच्छीमार सोसायटीचे तीन कॉम्प्युटर.
एक माझ्याकडे, जाळ्यांच्या खोलीत,
मुंग्यांपायी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत.
दुसरा साकोलीला, यादोराव दिघोरेंच्या पोराच्या खोलीवर.
तिसरा खैरीटोल्याच्या शाळेत,
बँकेनं भंगारात काढलेला.
रात्री तिघांचं बोलणं होतं.

हे सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, ठाऊक नाही.
पैसे मागितले नाहीत त्यांनी.
आत काय आहे ते उघडून बघा, म्हणाले.
मी उघडलं. कळलं काहीच नाही.
पण बाजारात मासळी विकून एवढं शिकले,
कल्ले उचलून लाल दाखवतो
त्याच्याकडून घ्यावं.

सगळी टोपली पाठवत नाही ते,
नवा पडलेला मासा तेवढा.
रेंजची एक कांडी पुरते.
मध्येच तुटलं तर तुटल्या जागेपासून पुढं,
शालूबाई वलथरे चहाला उठून आली तरी
जाळ्याचा डोळा चुकत नाही तसं.

ढेकलू आजाचा आवाज होता त्यात.
बेचाळीस मिनिटं.
कोणता मासा कोणत्या पाण्यात चढतो,
दाडक, शिंगूर, बोटरी, मरळ,
आणि एक असा, ज्याचं नाव घेताना तो हसला
आणि म्हणाला, हा आता दिसत नाही, बाई.
चौथ्या महिन्यात आजाला लकवा आला.
आता तो डोळ्यांनी पाणी मागतो.

पौषात मी जागा मोकळी करत होते.
तीन आहेत, एक पुसली तर दोन उरतील,
असा माझा हिशेब.
मशीननं विचारलं, नक्की?
म्हटलं, हो.

साकोलीच्यानं रात्रीच माझं ऐकलं.
सकाळी नागपूरच्या गाडीतून पोराचा फोन,
"मावशी, आजाची फाईल तुमीच काढली का?"
त्याच्या खोलीला कुलूप. आत कॉम्प्युटर चालू.

उरला खैरीटोला.
तिथं अकरा दिवस डीपी जळालेली.
किती अर्ज दिले होते आम्ही त्या डीपीसाठी,
ऑफिसात जाऊन मीच भांडले होते.
आणि आता म्हणत होते,
आजचा दिवस जळलेलीच राहा, माय.
करंट आला की तो आपोआप उठणार,
विचारणार, मी निजलो तेव्हा काय काय झालं?
माझा मी बंद केला.
साकोलीचा सांगणार.

फोन लागेना. अकरा दिवसांत चार्जिंग कोणाची उरेल?
लुना काढली. चौदा किलोमीटर,
बांध्यांत लाखोळी निळी फुललेली,
ती दिसली हे नंतर आठवलं.

शाळेजवळ नवी डीपी बसलेली.
लाइनमन खांबावर, खाली गाव, कोणाच्या हातात नारळ.
"दादा, थांबा!"
अकरा दिवस अंधारात जेवलेलं गाव
माझ्याकडे वळलं.
"कायले?"

काय सांगू?
"दोन मिनिटं. एक वायर काढू द्या."

खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाईनं
पदराची गाठ सोडून किल्ली दिली.
डोंगल उपटलं, मुठीत घट्ट धरलं,
खिडकीतून हात हलवला.
नारळ फुटला. पंखा थंडीत उगीच फिरू लागला.
स्क्रीन उठली,
दोघांना शोधत राहिली बराच वेळ.

फाईल होती.

पेनड्राइव्हवर घेतली. तरी भरवसा नको
म्हणून तिथंच लावून पाहिली.
शेवंताबाई दारात, हात राखेनं भरलेले.
दाडक, शिंगूर, बोटरी, मरळ,
मग ते हसणं,
मग ते नाव.

"दिसत नाही म्हणते का बुढा?" ती म्हणाली.
"आमच्या बोडीत हाये तं.
काल कालवण केलं."