पैशाचं चीज

तीनशे एकोणनव्वद.
भागिले चार, कारण माझा एक पाव चारला.
सत्त्याण्णव पाव, आणि वर एक रुपया.
हा हिशोब दारातच झाला,
काच ढकलायच्या आधी.

वडगावात माझी भट्टी. एकतीस वर्षं
पहाटे तीनला उठतोय.
पीठ रुसलंय की माजलंय, हाताला कळतं.
खानापूर रोडला हे दुकान झालं
आणि गिऱ्हाईक येऊन सांगू लागलं,
"हुंदरे, तिथला पाव खाल्लास काय? कापूस!"
माझ्या पावाला आजवर कुणी
कापूस म्हटलं नव्हतं.
बायकोला म्हणालो, यीस्ट आणायला जातो.

आत माणसाआधी यंत्र उभं.
त्यानं भाषा विचारली. तीन बटणं,
त्यात माझं नव्हतं.
कन्नडवर बोट ठेवलं,
पिठाच्या दुकानात उधारी मागून मागून
पक्की झालेली भाषा ती.
"जास्तीचं चीज? तीस रुपये."
कन्नडात चीज म्हणजे नुसतं चीज.
माझ्यात पैशाचंही होतं, कधी कधी.
'बेडा' दाबलं.

फोटोत तो फेटा बांधलेल्या नवरदेवासारखा.
खोक्यात निघाला
वरातीनंतर रिक्षात झोपलेला.

आधी पाव. बोटानं दाबला.
खड्डा पडला, भरून आला.
पुन्हा दाबला. पुन्हा आला.
तळाला कुठं डाग नाही, राखेचा एक ठिपका नाही,
जणू आग त्यानं पाहिलीच नव्हती.
टिक्की जाड. मीठ चिमूटभर जास्त. सॉस गोडसर.
ते हिरवं पान चवीला पाणीच,
पण दाताखाली कुरकुरलं.
खोटं कशाला बोलू, छान होता.
दोनदा डोळे मिटले खाताना.

टोपीवाली पोर टेबल पुसायला आली.
"सर, सब ठीक है?" मग थांबली.
"हुंदरेमामा न्हवं तुमी? मी येळ्ळूरची.
शाळेतनं येताना तुमच्याकडनं बटर नेत होतो की आमी."
"पाव कुठला गं हा?"
"पुण्याहून येतोय. गोठवून.
अकरा दिवसांचा असंल."

अकरा.
माझा दुसऱ्या संध्याकाळी म्हातारा होतो,
तिसऱ्या दिवशी गाईला.

"तू खाल्लीस काय कधी?"
"एकदा, सुट्टीच्या दिवशी. निम्मा."
निम्मा कुणी खाल्ला ते विचारलं नाही.
जाता जाता तीच वळली,
"एवढ्याला परवडतोय काय, मामा? तुमाला कळतंय म्हणून."

मैदा, तेल, कोंबडी, खोकं, वीज,
तिचा पगार, तिची टोपी,
पुण्याहून येणाऱ्या गाडीचं डिझेल:
सगळं मिळून दीडशेच्या वर जाईना.
मग राहिलं काय?
थंड हवेत पाऊण तास बसलो
आणि कुणी ऊठ म्हणालं नाही.
तो कशात धरायचा?
अकरा दिवस न मरण्याचे किती लावायचे?
"बघूया," म्हणालो, "आधी पचू दे."
ती हसली. दुसऱ्या टेबलाकडं
पुन्हा हिंदीत गेली.

घरी बायकोनं आधी हात बघितले, मग तोंड.
"यीस्ट?"
"मिळालं नाही."
"मग खाल्लासा काय?"
सांगितलं.
"केवढ्याला?"
"ऐंशी."
"ऐंशी!" भट्टीत लाकूड सारता सारता ती म्हणाली,
"सोनं घालतात काय आत?"

मी पीठ चाळायला घेतलं.
पहाटे पहिला पाव निघाला, हात भाजत होता,
तरी बोटानं दाबला.
खड्डा पडला.
बघत राहिलो बराच वेळ.