साडेचार तारे

रात्री पावणेअकराला परीक्षण येतं.
सिनेमा शुक्रवारी लागणार, आज मंगळवार.
तारे मोजूनच आलेत, साडेचार.
अर्धा कुणी कापला असेल, विचार करत
मी चहाचा कप कूलरच्या तुषारांपासून दूर सरकवते.

माझं काम वेलांट्यांचं.
'निर्मिती'तला शेवटचा 'ती' दीर्घ, एवढं पाहायचं.
निर्माता कोण, ते तपासायचं नाही.
तेच आडनाव माझ्या पगाराच्या पावतीवर,
चॅनलच्या गाडीवर, एफएमच्या दर गाण्यानंतर,
आणि वर्धा रोडच्या मॉलमधल्या पाच पडद्यांच्या
पॉपकॉर्नच्या पुड्यावर, बारीक अक्षरांत.
उईके पान लावता लावता म्हणतो,
"मॅडम, एकाच घरचं लगन हाये.
नवरदेव त्यायचा, वऱ्हाडी त्यायचे,
अन् अहेर लिवाले आपन."

त्याच पानाच्या तळाशी अडीच सेंटिमीटर.
होमेश पराते स्वतः आला होता जाहिरात घेऊन,
गोळीबार चौकातला, कोष्ट्यांचा.
सिनेमाचं नाव 'धोटा'.
त्यात त्याच्या मावशीचा खराखुरा माग आहे.
मागाचा आवाज त्यानं मे महिन्यात
पंखा बंद करून टिपला, चव्वेचाळीस अंशांत.
पंखा मधे मधे बोलतो, म्हणाला.
त्यासाठी छोटा हत्ती विकला, हे म्हणाला नाही,
उईकेला माहीत होतं.
काउंटरवरच्या पोरीनं दर सांगितला.
आधी त्यानं आईचं नाव काढलं,
मग 'अवश्य पाहा' काढलं.
उरलं: धोटा. रोज सकाळी ९.०५.

माझे बाबा सी.पी. बेरारचे.
म्हणजे वितरकाचे रिप्रेझेंटेटिव्ह,
पत्र्याच्या पेट्यांसोबत एसटीनं
तुमसर, आरमोरी, वणी.
टॉकीजच्या दारात उभं राहून डोकी मोजायची.
खोटं तिकीटबुक बोटांनाच कळायचं त्यांच्या.
चोर तेव्हाही होते, सांगतात,
पण वेगवेगळे होते बाप्पा,
एकानं दार लावलं की दुसरा खिडकी उघडायचा.
आता पेटी नाही. किल्ली मेलनं येते,
नऊला उघडते, सव्वाअकराला मरते.
मधे मशीन अडलं, तर शेवट गेला.

शुक्रवारी मी गेले. आम्ही सात.
मावशी पहिल्या रांगेत, मान वर करून,
आपलाच माग एवढा मोठा पाहत.
अंधारात तिनं मोठ्यानं विचारलं,
"आवाज कमी काऊन ठेवला?"
कमी नव्हता. भिंतीपलीकडे
साडेचार तारे धडधडत होते.

शनिवारी तिकिटाच्या ॲपवर 'धोटा' टाइप केलं.
तुम्हाला हे म्हणायचं होतं का,
त्यानं अदबीनं विचारलं
आणि शेठच्या सिनेमाचं पोस्टर पुढे केलं.
'रोज' एक दिवस चालला.
त्या शब्दाची वेलांटी बरोबर होती,
मीच पाहिली होती. वेलांटी नव्हतीच त्यात.

आता मंगळवारचं सांगते.
परीक्षणाच्या शेवटच्या ओळीत
'अविस्मरणीय'चा अ गळलेला होता.
मी पेन टेकवलं. उचललं.
उईकेनं पाहिलं,
आणि खर्रा जरा जास्त वेळ घोटत राहिला.

सोमवारी व्हरायटी चौकात होर्डिंग,
चाळीस फुटी: 'विस्मरणीय!'
खाली आमच्या पेपरचं नाव, वर साडेचार तारे.
अख्खा सिग्नल मी उन्हात उभी.
ऑटोवाले, कॉलेजची पोरं, एक वाहतूक पोलीस,
सगळ्यांनी वर पाहिलं.
कुणी हसलं नाही.
रात्रीचा शो हाऊसफुल्ल होता.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं.
चुकीवर ते काही बोलले नाहीत.
"धोट्याले किती होते?"
सात, म्हटलं.
"तुले धरून?"
धरून.
त्यांनी तळहातावर बोटानं सात लिहिला,
जरा थांबले,
आणि खाली, सवयीनं, सही केली.