उरेब

विट्यात, खानापूर रस्त्याला, शेडच्या कोब्यावर
मी खडूनं गाडी काढली. खऱ्या मापात.
चाकापासून चाकापर्यंत सव्वासहा फूट.
छप्पर नाही, काच नाही,
नुसता दीड इंची पाइपांचा पिंजरा
आणि पाठीमागं
तासगावच्या भंगारातून उचललेलं आठशेचं इंजिन,
जे सहा महिने झाले ट्रॉलीच्या टायरवर बसून
माझ्याकडं बघतंय.

तौफिक म्हणाला, मिस्त्री, सीट एकच ठेवा.
वजन वाचंल, पाइप वाचंल,
आणि रेवणगावच्या घाटाखाली, त्या ओघळीत
तुमच्यासंगं येणार कोण?
मी खडू कानावर ठेवला.
दुसरी सीट आधीच काढली होती.
माप तेवढं नव्हतं.

संध्याकाळी तू काज-बटणाची पिशवी घेऊन आलीस,
तुला स्टुलावर बसवलं, पाठ भिंतीला.
टेप तुझीच, चाळिशीच्या पुढचे आकडे पुसलेली.
बूड ते टाळू तेहतीस इंच.
कोपर ते कोपर साडेसतरा.
मग गुडघे.
बावीस वर्षं झाली लग्नाला
आणि तुझा डावा गुडघा उजव्याहून
अर्धा इंच वर बसतो, हे मला तेव्हा कळलं.
"मशीनचं पायडल," तू म्हणालीस, "दुसरं काय."
टेप माझ्या हातातून काढून घेतलीस
आणि मला न मोजताच सांगितलंस,
"तीरा साडेअठरा. लिहा."
नंतर गुपचूप मोजला. साडेअठरा.

रात्री ज्वारीच्या ताटांचा नमुना केला,
फुटाला दोन इंच,
सांधे तुझ्या रिळाच्या दोऱ्यानं बांधलेले.
देखणा उभा राहिला.
तू एका बोटानं कोपरा दाबलास
आणि माझी सगळी इंजिनेरी
भिजल्या खोक्यासारखी एका अंगाला कलली.
मी म्हटलं, पाइप जाड घेऊ.
तू म्हणालीस, जाड कापडानं कधी फिटिंग बसलंय?
एक चिंधी घेतलीस.
उभी ओढलीस, हलली नाही.
आडवी ओढलीस, नाही.
कोपऱ्यातून कोपऱ्याकडं ओढलीस
आणि ती मुकाट लांबली.
"कापड उरेबात दगा देतं.
म्हणून गळ्याला तिथंच पट्टी मारायची.
तुम्ही सगळं उभं-आडवंच जोडलंय."

एक ताट तिरपं बांधलं.
मग मी दाबलं, जीव खाऊन.
ताट करकरलं.
पिंजरा जागचा हलला नाही.

सकाळी गार्डीच्या मोकाशींचा रोटर वेल्डिंगला आला
आणि माझ्या पुढच्या चाकावर
पसाभर काळं तेल सांडून गेला.
राख टाकली, पुसलं, पुन्हा काढलं.
या खेपेला तिरप्या रेषा आधी.

"पण जायचं कुठं? तिकडं तर वाट नाही."
वाट असती तर स्कूटर होतीच की, मी म्हटलं.
तू हसली नाहीस. शटर मात्र
तूच अर्धं खाली ओढलंस.

मग आपण दोघं खडूच्या गाडीत बसलो, पोत्यांवर.
तुझा डावा पाय पुढच्या रेषेपर्यंत गेला, सैल पडला.
"इकडं पायाला कामच नाही काही,"
तू म्हणालीस, आणि तो तसाच राहू दिलास.

तौफिक चहा घेऊन आला, रेषेपाशी थबकला.
कुठनं द्यावा?
दार तर आपण काढलंच नव्हतं.
एकदा पुढनं फिरला, एकदा इंजिनाकडनं,
शेवटी वाकला
आणि दोन पाइप जिथं येणार आहेत
त्यांच्या मधनं, डोकं न आपटता,
आधी तुझा कप आत दिला.